बाकावरचा पाठमोरा माणूस

सांडू पिशोरहून एसटीनं औरंगाबादेत उतरला तेव्हा ऊन नुकतं चढायला लागलं होतं. हातात पिशवी, पिशवीत भाकरी-ठेचा, अंगात भावाचा सदरा. डोकं भादरलेलं, त्यावर बारीक खुंट आलेले. स्टँडवर कुणी विचारलं असतं की बाबा इकडं कुठं, तर त्यानं सांगितलं असतं, ‘पिच्चर बघायला.’ आणि विचारणाऱ्यानं त्याच्या डोक्याकडं बघून तोंड फिरवलं असतं. घरातलं सुतक फिटून चार दिवस झाले नाहीत, अन् पोरगं पिच्चरला निघालं.

पण काम खरंच तेवढंच होतं.

त्याचा थोरला भाऊ पुंजाराम मुकुंदवाडीत खोली करून राहायचा. चिकलठाण्याच्या एका कंपनीत लेथवर कामाला होता. मागल्या वर्षी मुंबईची पिच्चरवाली मंडळी मुकुंदवाडीच्या स्टेशनावर आली. त्यांना बाकावर बसवायला एक माणूस पाहिजे होता. सुट्टीचा दिवस म्हणून पुंजाराम तिथंच बघत उभा होता, त्याला धरून बसवलं. समोर रुळांकडं बघायचं, मागं वळायचं नाही, एवढंच काम. कॅमेरा पाठीमागं. पुंजाराम दिवसभर रुळांकडं बघत बसला आणि पुढं वर्षभर तेच सांगत राहिला.

“अरे, पाठच दिसणार ना तुझी? तोंड कुठंय?” चुलते काकासाहेब त्याला चिडवायचे.

“काका, पाठीत बी अ‍ॅक्टिंग असती.”

“मग आपला ढवळ्या बैल लई मोठा हिरो म्हणायचा. सदा पाठच दावतो.”

सगळं घर हसायचं. पुंजाराम पण हसायचा. पिच्चर औरंगाबादेत लागला की अख्ख्या घराला दाखवीन म्हणायचा. पिच्चर लागला, पण त्याच्या आधी कावीळ आली. दवाखान्यातून घरी आणला तेव्हा तोंड सुजून, पिवळं पडून भलतंच दिसत होतं.

सांडूचं दुखणं तिथंच होतं. घरात पुंजारामचा एक फोटो नव्हता. लग्न जमत आलं होतं. ते झालं असतं तर फोटो निघाला असता. आता सांडूनं डोळे मिटले की ते सुजलेलं पिवळं तोंडच समोर यायचं. हसणारा, शीळ वाजवणारा, सायकलवर एक पाय टाकून उभा असलेला दादा कसा दिसायचा, ते आठवायला गेलं की नेमकं तेच तोंड मधे यायचं. एकवीस वर्षं ज्याच्या मागंमागं फिरलो, तो माणूस दोन आठवड्यांत असा पुसून जातो? सांडू रात्री उठून भिंतीवर डोकं आपटायचा. जगात दादाचं चित्र एकच उरलं होतं, आणि ते त्या पिच्चरमध्ये होतं. पाठ तर पाठ.

निघताना आई, सारजाबाई, उंबऱ्यात बसूनच म्हणाली होती, “नीट बग. मान कशी धरलीय, खांदे कसे हायेत, समदं बग. आन् मला सांग.”

आणखी एक गोष्ट होती. ती सांडूनं तेव्हा मनावर घेतली नव्हती.

दहाव्याला अंजना नदीच्या काठी पिंड मांडला, तर कावळा शिवेना. झाडावर कावळे भरपूर, पण एक खाली येईना. माणसं हात जोडून एकेक गोष्ट बोलू लागली. त्याची एक रीत असते. मेलेल्याचं काय राहिलं असेल ते ओळखून ‘मी करीन’ म्हणायचं. तुझ्या आईला सांभाळीन, तुझं शेत पडू देणार नाही, असं. काकासाहेब बोलले, मामा बोलले. ऊन डोक्यावर आलं. सांडूला राहवेना. तो एकदम पुढं झाला आणि ओरडल्यासारखा बोलला, “दादा, तुझा पिच्चर ऱ्हायलाय ना बघायचा? मी जातो. माझे डोळे घे. माझ्या डोळ्यांनी बग, पण शिव रे आता!”

बोलणं पुरं व्हायच्या आत कावळा उतरला.

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. काकासाहेबांनी मात्र सांडूचा दंड धरून त्याला बाजूला नेलं.

“काय बोललास हे? ‘मी बघीन’ म्हणायचं असतंय. ‘घे’ म्हणत असतेत का? आपलं काय बी देऊ करू नये तिथं.”

“दादाच हाय ना? दुसरा कोन हाय?”

काकासाहेबांनी नदीकडं बघितलं. “ऐकणारं तिथं कोन कोन असतंय,” ते म्हणाले.

तर असा सांडू शहागंजातल्या गुलनार टॉकीजच्या दारात आला. जुनी निजामाच्या वेळची इमारत, पुढं उंच पायऱ्या. पिच्चर इतका संथ की मालकानं त्याला फक्त दुपारचा खेळ दिला होता, आणि शुक्रवारी तोही निघणार होता. दारावर मस्तानभाई म्हणून म्हातारा डोअरकीपर होता. त्यानं तिकीट फाडलं आणि सांडूकडं नवलानं बघितलं.

“ये पिच्चर देखने आया तू? गलत टाकीज में तो नै आया ना मियाँ? इसमें गाना नै, मारामारी नै. औरत एक खिडकी में खडी हुई तो घंटाभर खडीच रैती. मैं तो चाय पी के आता, तो बी वहींच खडी.”

“माझा भाऊ हाय त्यात,” सांडू म्हणाला.

“हौ? फिर जा, जा. बैठ जिधर मर्जी. पूरा टाकीज तेराच है.”

आत अंधार आणि ओलसर गाद्यांचा वास. वर पंखे कुरकुरत होते. पाच-सहा माणसं इकडंतिकडं विखरून बसलेली. बाहेर शहागंजात भर दुपार होती, पण दाराचा पडदा पडला आणि दुपार कुणीतरी कापून नेल्यासारखी संपली.

पिच्चर काळापांढरा होता. स्टेशनाजवळचं एक घर. त्यात नवरा-बायको. नवरा कामावर जातो, येतो, जेवतो, झोपतो. बायको दिवसभर खिडकीत उभी. तिला वाटत असतं की कुणीतरी येणार आहे, पण कोण ते तिलाही ठाऊक नसतं. ती दोन ताटं वाढते आणि तिसरं मांडून ठेवते. नवरा त्या तिसऱ्या ताटाकडं बघतो आणि काहीच विचारत नाही. सांडूला समजत होतं आणि समजत नव्हतं. पण ते तिसरं ताट बघून त्याला घर आठवलं. तिथं आई पण चुकून एक भाकर जास्त थापत होती.

मग बाईनं पदर सारखा केला, दार उघडलं आणि ती स्टेशनाकडं चालू लागली. सांडू खुर्चीच्या टोकाला आला. आता बाक येणार. फलाटाचं टोक दिसलं, बाभळ दिसली...

...आणि तो पायऱ्यांवर उभा होता. डोळ्यांत ऊन घुसत होतं. समोर चष्मा घातलेला एक शिडशिडीत माणूस कौतुकानं त्याच्याकडं बघत होता.

“फार छान बोललात तुम्ही,” तो म्हणाला. “मी हेमचंद्र देशपांडे, इथल्या कॉलेजात शिकवतो. पेपरात चित्रपटांवर लिहितो. पण हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.”

“काय बोललो मी?”

हेमचंद्र हसले. त्यांना तो विनय वाटला. “तुम्हीच म्हणालात की ती बाई कुणाची वाट बघत नाही. तिला घरातून निघायचंय आणि भीती वाटते, म्हणून तिनं वाट बघायचं निमित्त काढलंय. आणि पुढं म्हणालात, पिच्चर अपुरा आहे. तो बाकावरचा माणूस उठून घरी जायला पाहिजे होता.”

सांडू चौथीतून शाळा सोडलेला पोरगा. असलं काही त्याला सात जन्मांत सुचलं नसतं. झोप लागली असंल, झोपेत बरळलो असंल, असं त्यानं मनाशी धरलं. पण झोप लागलेला माणूस उठून, दार ढकलून, पायऱ्या उतरून बाहेर कसा येईल? तो स्वतःवरच चिडला. दादा पडद्यावर आला आणि आपण झोपलो! मुकुंदवाडीच्या दादाच्या खोलीवर जाऊन त्यानं स्वतःला दोन थोबाडीत मारल्या.

दुसऱ्या दिवशी तो तयारीनं आला. बाई दार उघडून निघाली तशी त्यानं हिरवी मिरची दाताखाली धरली आणि करकर चावली. नाकातोंडातून पाणी आलं. डोळे फाडून बघत राहिला. फलाटाचं टोक. बाभळ...

...पायऱ्या. ऊन. जीभ भाजत होती. पुढ्यात हेमचंद्र, पण आज ते हसत नव्हते.

“तुम्ही मला मास्तर का म्हणालात?” त्यांनी विचारलं.

चष्मेवाल्या प्रत्येक माणसाला पुंजाराम मास्तर म्हणायचा.

“आणखी काय म्हणालो मी?” त्यानं हळूच विचारलं. “समदं सांगा, सर. पाया पडतो.”

“म्हणालात, त्या बाकाच्या समोर खड्डा आहे आणि त्यात लाल मुंग्या होत्या, पायाला चावत होत्या, पण हलायची सोय नव्हती. मी म्हणालो, पडद्यावर खड्डा कुठं दिसतो? तर तुम्ही म्हणालात...” ते थांबले. “म्हणालात, ‘मास्तर, तुम्हाला मागून दिसतंय. मला पुढून.’”

रस्त्यावरून टांगे, सायकली, माणसं चालली होती. मस्तानभाई दारात चहा पीत होता. इतकं सगळं उघड्यावर, भर उन्हात चाललेलं होतं आणि सांडूला हुडहुडी भरली. त्यानं हेमचंद्रांना सगळं सांगून टाकलं. भाऊ, कावीळ, कावळा, आपण काय बोललो ते. हेमचंद्रांनी ऐकून घेतलं. शिकलेल्या माणसानं सांगावं तसं त्यांनी सांगितलं की दुःखात मन असे खेळ करतं. भावाला बघायची ओढ आहे आणि बघायची भीतीही आहे, म्हणून मन ऐन वेळी दार लावून घेतं.

“मग मुंग्या?”

“भावानं कधीतरी सांगितलं असेल तुम्हाला.”

सांडूनं आठवून बघितलं. वर्षभर पुंजारामनं त्या दिवसाचं सगळं सांगितलं होतं. मुंग्यांचं कधी सांगितलं नव्हतं.

“उद्या शेवटचा खेळ,” तो म्हणाला. “मला त्याची पाठ बघायचीय, सर. एकदाच. आईला काय सांगू मी? तुम्ही माझ्या शेजारी बसा. माझा हात धरा. मी असा गेलो की हलवा, चापट मारा, काय बी करा.”

हेमचंद्र हो म्हणाले. भला माणूस होता.

गुरुवारी टॉकीजमध्ये त्या दोघांखेरीज कुणी नव्हतं. मस्तानभाईनं आत डोकावून बघितलं. “आज आखरी है. पिच्चर के डब्बे रात को जालना जाते,” म्हणाला आणि पडदा सोडून गेला. हेमचंद्रांनी सांडूचं मनगट धरलं. पिच्चर सुरू झाला. खिडकी. ताटं. नवरा. आज सांडूला त्या घरातला प्रत्येक आवाज मोठा ऐकू येत होता. पाणी ओतल्याचा, ताट सरकवल्याचा. आणि एक वास येऊ लागला. पहिल्यांदा पुसट. कंपनीतल्या ग्रीसचा आणि विडीचा. दादा शनिवारी घरी यायचा तेव्हा ओसरीवर पसरायचा तोच वास.

“सर... वास येतोय का?”

“नाही. शांत बसा. मी आहे.”

बाईनं पदर सारखा केला. दाराची कडी काढली.

“दादा,” सांडू अंधारात कुजबुजला. त्याला आता रडू आवरत नव्हतं. “दादा, मी बोललो ते खरं. पन एकदा मला बघू दे. एकदाच... तुझी पाठ तरी बघू दे रे. मग घे. मग लागतील तेवढे दिवस घे.”

हेमचंद्रांची बोटं त्याच्या मनगटावर घट्ट झाली. कारण उत्तर आलं होतं. सांडूच्याच तोंडातून, पण सांडू बोलला नव्हता.

“बघायचंय ना? मग इकडं ये.”

आणि फलाट आला. बाभळ आली. या वेळी काही तुटलं नाही, की अंधार झाला नाही. फक्त खुर्ची कडक झाली. गादीच्या जागी फळ्या लागल्या. डोळ्यांसमोर रूळ होते, दोन, लांबपर्यंत गेलेले, आणि त्यांच्यावर दुपार थरथरत होती. रंग नव्हता कशालाच. आभाळ राखेसारखं. पायाशी खड्डा होता, आणि घोट्याला काहीतरी चावत होतं.

सांडूनं खाली बघितलं नाही, कारण मान हलत नव्हती. पण नजरेच्या खालच्या काठाला गुडघ्यांवर ठेवलेले दोन हात दिसत होते. रुंद अंगठे. नखांत ग्रीस. ते हात त्याला ओळखीचे होते. त्याच हातांनी त्याला विहिरीत पोहायला शिकवलं होतं. त्याला वाटलं, एवढं तर दिसलं. तो हंबरडा फोडणार होता, पण छाती वरखाली होईना.

पाठीमागं कुठंतरी पंखे कुरकुरत होते. बाईची पावलं वाळूत आली, थांबली, आणि परत गेली. तिला जे बघायचं होतं ते ती बघून गेली. मग खूप लांबून, पायऱ्यांवरून आल्यासारखा, हेमचंद्रांचा आवाज आला. घाबरलेला.

“सांडू? सांडू... तुम्ही ठीक आहात ना? आज बघितलंत का? कसा वाटला?”

आणि सांडूनं स्वतःचा आवाज ऐकला. स्वच्छ, तृप्त, जेवून उठलेल्या माणसासारखा.

“आज पिच्चर बरोबर झाला, मास्तर.”

मग कुणीतरी चपला सरकवून पायऱ्या उतरत गेलं. सांडू ओरडला. त्याचा आवाज घशातच राहिला, कारण ज्याच्या जागी तो बसला होता त्याला पिच्चरमध्ये बोलायला एक शब्दही नव्हता.

अंधार झाला. रीळ गुंडाळल्याची सरसर झाली, पत्र्याचं झाकण बसलं. किती वेळ गेला ते कळायला तिथं काही नव्हतं. पुन्हा उजेड झाला तेव्हा तेच रूळ, तीच बाभळ, तेच राखेचं आभाळ होतं. मागं खोकणारी माणसं वेगळी होती. जालना असावं. नंतर आणखी एक गाव. कुणी मागं शेंगा सोलत होतं, कुणी पोराला दटावत होतं. एकानं मोठ्यानं विचारलं, “हा येडा कशाला बसून राहिलाय इथं?” आणि सगळे हसले. त्या हसण्यात सांडूला मायेचा भास झाला, इतका तो एकटा पडला होता.

आणि मग एका खेळाला, बाक पडद्यावर येताच, अगदी मागच्या ओळीतून एक आवाज आला. जन्मात कधी टॉकीजची पायरी न चढलेल्या सारजाबाईचा.

“पुंजा... माझा पुंजा... ह्योच हाय.”

सांडूनं होता नव्हता तेवढा जीव मानेत आणला. आई, मी हाय. आई, मी सांडू. मान दगडाची होती. समोर रूळ तसेच थरथरत राहिले.

“बघ की नीट,” तिच्या शेजारून सांडूच्या आवाजात कुणीतरी मायेनं म्हणालं. “तुलाच दाखवायला आनलंय. मान बग, खांदे बग.”

टॉकीजमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. मग सारजाबाई शेजारच्याला म्हणाली, इतकी हळू की बाकावर बसलेल्याला जेमतेम ऐकू यावं.

“पाठ माझ्या पुंजाची हाय. वळखली मी... पन तू कोन हायेस रं, बाबा? तू सांडू न्हाईस. आन् पुंजा बी न्हाईस.”

अंधारात एक खुर्ची करकरली, आणि कुणीतरी अगदी सावकाश तिच्याकडं वळलं.